लिलावातली दुनळी



गावोगाव फिरताना बियाणे, खत, किडीचे औषध यांविषयी विचारणारे मला पुष्कळ भेटतात. ते माझे कामच आहे. पण डोंगरालगतच्या गावांत अलीकडे एक निराळाच प्रश्न येतो. बैठक उठली, चहा झाला, की एखादा मला बाजूला घेतो आणि हळूच विचारतो, "साहेब, अमक्या वाड्यातली जुनी बंदूक विकायला निघालीया म्हनं. घिऊ का?"

विचारणाऱ्याचे डोळे पाहिले की कळते, त्याने मनातल्या मनात ती घेऊन खुंटीला टांगलेलीसुद्धा आहे. त्याला माझा सल्ला नको असतो, होकार हवा असतो. अशा वेळी 'घे' किंवा 'नको' असे एका शब्दात सांगणे मला जमत नाही. कारण हा प्रश्न माझ्याच घरात येऊन गेला आहे. तेव्हा आमच्याकडे काय घडले ते सांगतो. त्यातून तुमच्या उपयोगाचे तेवढे तुम्ही उचला.

आमचे गाव भुदरगड तालुक्यात, पश्चिमेच्या डोंगराला चिकटून. पलीकडे दाजीपूरचे जंगल. एके काळी ते कोल्हापूरच्या महाराजांचे शिकारीचे राखीव रान होते; १९५८ साली तेथे अभयारण्य झाले. मी नोकरीनिमित्त बाहेर पडलो. शेती थोरला भाऊ करतो. आम्ही त्याला दादा म्हणतो. भात, नाचणी, थोडा भुईमूग आणि खालच्या पट्टीत ऊस. पीक दाण्यावर आले की रात्री रानडुकरांचा कळप उतरतो. अधूनमधून गवाही येतो. डुक्कर खाते त्याहून जास्त तुडवते आणि नांगरटते. सकाळी बांधावर उभे राहिले की वाटते, कोणी रात्रीत कुळव फिरवून गेले. चार महिन्यांचे कष्ट, आणि हाती येतो तो चिखल.

आमच्या वडिलांकडे ठासणीची बंदूक होती, पीक राखण्याच्या परवान्यावरची. २०१६ साली वडील गेले, तेव्हा दादाने ती रीतसर पोलीस ठाण्यात जमा केली. परवाना ज्याच्या नावाचा, त्याच्याबरोबर तो संपतो. बापाची बंदूक मुलाची आपोआप होत नाही. वारसाला स्वतःच्या नावाचा परवाना काढावा लागतो. तोवर बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे ठेवावी लागते. वडिलांच्या त्या बंदुकीची नळी गंजून गेली होती. म्हणून दादाने ती परत न मागता, काडतुसाच्या बंदुकीसाठी स्वतःच्या नावाने अर्ज केला.

इथे कायद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पीक संरक्षणासाठी आधी ठासणीच्या बंदुकीचाच विचार आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक मिळू शकते. गुळगुळीत नळीची म्हणजे छर्ऱ्याची. रायफल निराळी. तिच्या नळीला आतून पीळ असतो, त्यातून एकच गोळी सुटते आणि ती फार लांबवर जीव घेऊ शकते. बांधावरच्या राखणीला ती नाहीच. दादाने सातबारा, नुकसानीचे पंचनामे, सगळे जोडले. बंदूक हाताळण्याचे शिक्षण घेतल्याचा दाखलाही जोडला. आमचे गाव अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत पडते. अशा ठिकाणी नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. अर्ज २०२० चा, परवाना हातात पडला २०२२ मध्ये. आणि परवान्यावर बंदूक खरेदी करण्याची मुदत लिहिलेली असते. ती संपत आली, तशी दादाची झोप उडाली.

अशातच २०२३ च्या दिवाळीआधी बातमी आली, की तालुक्याच्या एका जुन्या मानकऱ्यांच्या वाड्याचे सामान बोलीने विकणार. वारस पुण्या-मुंबईला, वाडा पडायला आलेला. यादीत पितळी बंब होते, हंडे होते, शिसवी पलंग होता, लंबकाचे घड्याळ होते. आणि शेवटी दोन ओळी होत्या: एक इंग्रजी बनावटीची शिकारी रायफल, एक इंग्रजी बारा बोअरची दुनळी.

दादा ती यादी घेऊन माझ्याकडे आला. दुनळीच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "ही ती हाय. आबांच्या खांद्यावरची."

आबा म्हणजे आमचे वडील. ऐन तरुणपणी, १९७२ चा वन्यजीव कायदा यायच्या आधी, ते त्या वाड्याच्या शिकारीला हाकारी म्हणून जात. हाकाऱ्यांनी डबे-ढोल वाजवत रान उठवायचे आणि मालकाने मचाणावर बसून बार काढायचा. पुढे आबांवर विश्वास बसला, तसे त्यांच्याकडे मालकाची दुसरी बंदूक खांद्यावर वाहून न्यायचे काम आले. ती हीच दुनळी. दस्त्यावर डाव्या बाजूला एक चरा आहे, हे आबा आम्हाला पोरवयात सांगत. पंधरा वर्षे ती वाहिली, पण तिचा चाप एकदाही ओढला नाही. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नसे. दादाला मात्र ते लागलेले होते, हे मला त्या दिवशी कळले.

आता सांगा, अशा माणसाला मी काय सल्ला देणार? शेतीखात्याचा माणूस म्हणून मला ठाऊक होते की एका बंदुकीने डुकरे हटत नाहीत. भाऊ म्हणून मला हेही दिसत होते की तो डुकरांसाठी ती घेतच नव्हता. त्याच्या तोंडी डुकरे होती आणि मनात आबा होते.

मी म्हणालो, "आधी बघून तरी येऊ."

बंदूक बघायला वाड्यावर जायचे नव्हते. मालक वारल्यावर वारसांनी दोन्ही हत्यारे कोल्हापुरातल्या परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली होती. हे त्यांनी योग्य केले. परवान्याशिवाय बंदूक माळ्यावर पडून राहिली तरी तो गुन्हा आहे, त्याला तुरुंगाची शिक्षा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती शिक्षा वाढवली आहे. त्याच दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. वारसाने आलेल्याही त्यातच मोजतात. तेव्हा कोणी गाठोड्यात बांधलेली बंदूक परड्यात आणून दाखवू लागला आणि "कागदाचं मागनं बघू" म्हणाला, तर तिला हातही लावू नका. किंमत कितीही कमी असो.

दुकानदार वयस्कर होता, तीन पिढ्यांचा धंदा. त्याने परवाना नीट वाचला आणि मगच कपाट उघडले. दस्त्यावर डावीकडे चरा होता. दादाने त्यावरून अंगठा फिरवला आणि काही बोलला नाही.

पुढे त्या माणसाने बंदूक कशी पारखायची ते दाखवले, ते लिहून ठेवण्यासारखे आहे. त्याने नळ्या सुट्या केल्या, एका बोटावर लोंबत्या धरल्या आणि लाकडी दांडीने हलकेच टिचकी मारली. टण्ण असा आवाज घुमत राहिला. दोन नळ्या जोडणारी पट्टी कुठे सुटली असती तर आवाज बद्द आला असता. आपल्या बायाबापड्या कुंभाराकडून मडके वाजवून घेतात, तसेच हे. मग त्याने नळ्यांमधून उजेडाकडे पाहायला सांगितले. आत गंजाचे खड्डे नाहीत ना, कुठे पोचा नाही ना, ते पाहायचे. मग बंदूक पुन्हा जोडली, पुढचे लाकूड तेवढे काढून ठेवले आणि हलवून पाहिली. नळी आणि पाठीमागचा भाग यांत खुळखुळ असेल तर ती बंदूक थकली समजावे. नळीवर वळणावळणाची नक्षी दिसली तर विशेष जपायचे. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेल्या त्या जुन्या नळ्या बहुधा काळ्या दारूच्या काळातल्या. आजच्या बिनधुराच्या दारूचा जोर त्यांना सोसेलच असे नाही.

नळीच्या खालच्या अंगाला बारीक शिक्के होते. मुकुट आणि त्याखाली इंग्रजी अक्षरे बी.पी., बी.व्ही. आणि एन.पी. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहरात प्रत्येक नळी जादा दारूचा बार काढून तपासली जाते आणि मगच शिक्का बसतो. हे शिक्के १९०४ ते १९५४ या काळातल्या पद्धतीचे. एन.पी. म्हणजे बिनधुराच्या दारूवर तपासलेली. आबांच्या खांद्यावर आली तेव्हासुद्धा ही दुनळी नवी नव्हती तर!

शेवटी त्याने काडतूस बसायची जागा मोजली. अडीच इंच. "हे विसरू नका," तो म्हणाला. आजची बरीच काडतुसे पावणेतीन इंची असतात. ती या बंदुकीत घातली तर सहज बसतात, आणि तिथेच धोका आहे. बार उडताना काडतुसाचे तोंड उलगडते, त्याला पुढे जागा उरत नाही, आणि नळीतला दाब वाढतो. नळी फुटली तर आधी हात जातो. घातले की बसते, म्हणून ते चालते असे नव्हे. आपण ट्रॅक्टरला दुसऱ्या मापाचा नट पिळून बसवतो, तसली कारागिरी इथे नको.

रायफलही पाहिली. फार देखणी वस्तू होती. पण त्या मापाचा परवाना असल्याशिवाय ती घेता येत नाही, आणि असल्या जुन्या इंग्रजी मापाच्या गोळ्या मिळवता मिळवता नाकी नऊ येतात. दादाने ती नुसती पाहिली आणि परत दिली.

आता पैशाचे. घरात त्या वेळी दोन रकमा होत्या. म्हैस विकली होती, तिचे पंचावन्न हजार. आणि सौर कुंपणासाठी दोन वर्षे साठवलेले चाळीस हजार, सोसायटीच्या खात्यावर. वहिनींनी आदल्या रात्री जेवताना सरळ सांगितले, "म्हशीचं काय करायचं ते करा. कुंपनाच्या पैशाला हात लावायचा न्हाई. पासबुक माझ्याकडं हाय."

दादा म्हणाला, "बोली जरा वर गेली तर?"

"तर हात खाली घ्यायचा."

रविवारी आम्ही तिघे वाड्यावर गेलो. चौकात माणसांची दाटी झाली होती. मंडळी, लिलाव ही मोठी फसवी जागा आहे. बाजारात आपण भाव पाडून मागतो. लिलावात आपणच तो चढवतो, आणि वर आपण जिंकलो असे वाटते. एक पितळी बंब नव्याच्या दीडपटीने गेला, तो केवळ दोन साडवांची जुनी खुन्नस होती म्हणून. घेणाऱ्याचा चेहरा बंब उचलताना पाहण्यासारखा झाला होता.

भिंतीवर सांबराची शिंगे होती. त्यांच्यावरही बोली पुकारणार होते. तेवढ्यात वनरक्षक पुढे झाला आणि त्याने ते थांबवले. वन्य प्राण्याचे शिंग, कातडे, नखे विकता येत नाहीत, मग ती आजोबांच्या काळातली असोत आणि त्यांचा मालकीचा दाखला असो. हे अनेकांना ठाऊक नसते. घरात असले काही असेल तर विकायच्या भानगडीत न पडता वन खात्याकडे चौकशी करा.

बंदुकांची पाळी शेवटी आली. चौकात फक्त फोटो आणि कागद होते. पुकारणाऱ्याने आधीच बजावले, की परवाना दाखवील त्यानेच बोलावे, सौदा दुकानदाराच्या वहीवर होईल आणि माल तिथूनच मिळेल. एक हॉटेलवाला दिवाणखान्यात टांगायला म्हणून आला होता, तो परवान्याचे नाव निघताच मागे सरला. रायफलीला एकही बोली आली नाही. जिच्या बाराला सारे रान गप्प होत असे, तिला त्या चौकात गिऱ्हाईक नव्हते.

दुनळी तीस हजारांवर पुकारली. दादा, एक माजी सैनिक आणि आणखी एक बागायतदार असे तिघे होते. चाळीसला बागायतदार थांबला. पुढे हजार-हजाराने चढू लागली. शेहेचाळीस. सत्तेचाळीस. दादाचा आवाज दर बोलीला चढत होता आणि वहिनी समोरच्या खांबाकडे बघत बसल्या होत्या. पन्नास माजी सैनिकाचे. एक्कावन्न दादाचे. तो गृहस्थ क्षणभर थांबला, बावन्न म्हणाला. दादा म्हणाला, त्रेपन्न. आता हातात दोनच हजार उरले होते. माझ्या पोटात गोळा आला होता. सल्ला देणारा मी, पण त्या क्षणी मलाही ती घरी यावी असेच वाटत होते, हे लपवून काय करू?

एक वार. दोन वार. माजी सैनिकाने मान हलवली. तीन वार.

परतीच्या एस.टी.त दादा म्हणाला, "छप्पन झाली असती तर म्या थांबलो असतो."

वहिनी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "थांबला नसता. म्हनून तर पासबुक घरात ठिवलं."

कागदपत्रे, तपासणी, परवान्यावर बंदुकीच्या नंबराची नोंद, हे सगळे होऊन २०२४ च्या फेब्रुवारीत दुनळी घरी आली. मी मुद्दाम गेलो होतो. दादाने ती बैठकीच्या खोलीत सतरंजीवर ठेवली आणि आईला हात धरून आणले. आई पंच्याऐंशीच्या घरात आहे. दिसते कमी, पण बोलणे ठणठणीत. तिने दस्ता चाचपला.

"हीच व्हय ती?"

"हीच," दादा म्हणाला.

"हिच्यापायी तुमचा बा ऐन सुगीत चार-चार दिस रानात हिंडायचा. आन् हिकडं आमची नाचणी डुकरं खाऊन जायची. म्या एकटी माळ्यावर डबा बडवीत बसायची, तू पाळण्यात." ती थोडा वेळ गप्प बसली. "आलीया तर ऱ्हाऊ दे. पर राखणीला म्हनून हिच्यावर इसंबू नगा. ही कवा आमच्या शेताला राखण नव्हती."

खोलीत कोणी बोलले नाही. आम्ही दोघे भाऊ इतकी वर्षे ती बंदूक आबांच्या खांद्यावर पाहत होतो. तिच्यापायी इकडे शेतात काय होत होते, ते आईने पाहिले होते.

आणि म्हातारीचे शब्द त्याच वर्षी खरे झाले, तेही कोणाच्या ध्यानीमनी नसताना. मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागली. ठाण्यातून निरोप आला, बंदूक जमा करा. महिनाभर घरात राहिलेली दुनळी ठाण्यात गेली ती जूनमध्ये निकाल लागल्यावर परत आली. पावसाळा गेला. भात पोटरीतून निसवले, दाणा भरू लागला, डुकरांना वास लागला. १५ ऑक्टोबरला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. पुन्हा निरोप! नोव्हेंबरच्या २३ तारखेला निकाल लागेपर्यंत, म्हणजे ऐन राखणीच्या दिवसांत, आमची बंदूक पोलीस ठाण्याच्या कोठीत होती. गावात हसायला विषय झाला. "दादा, डुकरांना आचारसंहिता न्हाई व्हय?" असे पोरे विचारत.

पण त्या वर्षी भात घरात आले. कारण वहिनींचे चाळीस हजार. ऑगस्टमध्ये दादाने आणि शेजारच्या सहा जणांनी मिळून एका सलग तुकड्याला सौर कुंपण केले. एकट्याने केले असते तर डुकरे शेजाऱ्याच्या वावरात घुसली असती आणि भावकीत नवे भांडण लागले असते. सूर्याच्या उजेडावर बॅटरी भरते, यंत्र तारेतून साधारण सेकंदाला एक असा क्षणभराचा झटका सोडते. जनावर दचकून मागे फिरते, मरत नाही. डुकरासाठी खालची तार जमिनीपासून वीतभरावरच हवी, नाहीतर ते नाक खाली घालून पलीकडे जाते. गव्यासाठी वरची तार छातीच्या उंचीला. तारेला गवत टेकले की झटका जमिनीत जातो, म्हणून आठ दिवसांनी तारेखालचे गवत कापायचे. हे काम कंटाळवाणे आहे, पण खरी राखण तीच. त्या हंगामात आमच्या तुकड्यात एकाच रात्री नासधूस झाली. त्या रात्री बॅटरीची जोडणी सुटली होती आणि पाळीवाला बघायला गेला नव्हता.

एक मात्र हात जोडून सांगतो. घरची वीज कधीही तारेत सोडू नका. त्याने डुक्कर मरते तसाच पहाटे पाणी पाजायला निघालेला शेजारीही मरतो, आणि आपला पोरगाही.

बंदुकीबद्दल आणखी थोडे. परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, शिकारीचा नव्हे. शौकाची शिकार १९९१ च्या दुरुस्तीने देशात पूर्ण बंद झाली. रानडुक्कर आज वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. ते पिकाचे नुकसान करीत असले तरी अधिकार असलेल्या वन अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. आणि मारून तरी किती माराल? डुकरीण साधारण पावणेचार महिन्यांत विते, एका वेताला चार-सहा पिले. अंधारात छर्ऱ्याने जखमी झालेले डुक्कर माणसावर उलटते ते वेगळेच. बाराच्या नुसत्या आवाजाने कळप पळतो खरा, पण चार दिवसांत त्यालाही आवाजाची सवय होते.

तर मग दादाने ती घेऊन काय केले? असे कोणी विचारले तर मी सांगतो, त्याने आबांच्या खांद्यावरचे ओझे घरी आणले. ती कुलपाच्या कपाटात असते, काडतुसे दुसऱ्या कपाटात, किल्ल्या दोन जागी. महिन्यातून एकदा तो तिला तेल-कापड करतो. परवान्याची मुदत पाच वर्षांची असते. ती संपायची तारीख वहिनींनी दिनदर्शिकेवर लिहिली आहे. दादाचा मुलगा पुण्याला नोकरीत आहे. आपल्यामागे बंदुकीचे काय करायचे, हे दादाने त्याला समोर बसवून सांगितले आहे: जमा कर, हवी असेल तर स्वतःचा परवाना काढ, नको असेल तर रीतसर विक, पण माळ्यावर टाकू नकोस.

म्हशीचे पैसे फुकट गेले असे मला वाटत नाही. माणूस नुसत्या पिकावर जगत नाही. बापाचा मान ही गोष्टही घराला लागते. फक्त त्या मानाची किंमत त्याने पिकाच्या पैशातून मोजली नाही, एवढे बरे झाले. ते श्रेय दादाचे नाही आणि माझेही नाही. ते पासबुक सांभाळणाऱ्या बाईचे आहे. लिलावाला जाल तेव्हा घरातल्या बाईला बरोबर न्या, किंवा निदान पासबुक तरी तिच्याकडे ठेवून जा.

आणि यंदा भातात डुक्कर शिरले, तर रागाच्या भरात बंदूक शोधत फिरू नका. नुकसान झालेले शेत तसेच राहू द्या, फोटो काढा, आणि तीन दिवसांच्या आत वन खात्याकडे लेखी अर्ज द्या, म्हणजे पंचनामा होऊन भरपाईचा मार्ग मोकळा होतो. कुंपणासाठी अनुदानाची योजना तुमच्या गावाला लागू आहे का, तेही त्याच फेरीत विचारून या. तारेखालचे गवत मात्र तुमचे तुम्हालाच कापायचे आहे.